वर्ल्ड बँक, आयएमएफ, डब्ल्यूटीओ: पैसा कुणाचा, अट कुणाची, आणि आपल्याला नाही म्हणता येतं का?

कयाधूकाठ:
नमस्कार मंडळी, मी हिंगोली जिल्ह्यातला, एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. आमच्या पुस्तकात ह्या तिन्ही संस्था दीड पानात उरकल्यात, स्थापना, मुख्यालय, सदस्यसंख्या, झालं. पण गावात पोकरा (कृषी संजीवनी प्रकल्प) मधून शेततळी झालीत, चुलत्यांचं शेडनेट झालंय, आणि बोर्डावर जागतिक बँकेचं नाव आहे. वडील म्हणतात ह्याच लोकांनी ९१ साली देशाचं सोनं गहाण ठेवायला लावलं आणि खतं महाग केली. क्लासचे सर म्हणतात तेव्हा ते झालं नसतं तर आज तुम्ही मोबाईल हातात धरला नसता. मला पाठांतराचं उत्तर नकोय. हा पैसा येतो कुठून, अटी कोण घालतं, आणि एखादी अट पटली नाही तर आपलं सरकार नाही म्हणू शकतं का? ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

जुनाबँकर:
आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेव, ह्या तिघांचं काम एक नाही. आयएमएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, तिच्याकडे देश जातो तो डॉलर संपले म्हणजे. वर्ल्ड बँक धरण, रस्ता, शेततळं अशा कामांना लांब मुदतीचं कर्ज देते. डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना पैसे देतच नाही, ती व्यापाराचे नियम आणि त्यावरची भांडणं बघते. पहिल्या दोन १९४४ च्या अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स परिषदेतून निघाल्या, तिसरी १ जानेवारी १९९५ पासून. त्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात आपले सी. डी. देशमुख होते, रायगडच्या नाते गावचे, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. देश अजून इंग्रजांच्या ताब्यात होता, शिष्टमंडळाचा प्रमुखही इंग्रज, तरी आपल्या बाजूनं तिथं मागणी झाली की नाणेनिधीच्या उद्देशातच मागास देशांच्या विकासाचा उल्लेख असावा, आणि युद्धाच्या काळात इंग्लंडकडे साठलेलं आपलं येणं कसं मिळणार तेही ठरावं. पहिली मागणी जवळपास बाजूलाच पडली, दुसरी तर इंग्लंडनं आमचं आम्ही बघू म्हणून टाळलीच. सुरुवातीपासून मागणारे कोण आणि ठरवणारे कोण ते त्यावरून कळतं.

आता ९१. सोनं आयएमएफकडे गहाण नव्हतं, हे वडिलांना जरूर सांग. आखाती युद्धानं तेल महागलं, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या, जूनमध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं परत घ्यायच्या बोलीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, आणि जुलैत रिझर्व्ह बँकेनं जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं लंडनला पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलर उचलले. त्याच वर्षी ते सोडवूनही घेतलं. आयएमएफचं कर्ज वेगळं, आणि अटी त्याला होत्या, सरकारची तूट कमी करा, सबसिडी आवरा, आयातीचे परवाने मोकळे करा. १ आणि ३ जुलैला असं दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं.

खतांचं मात्र वडील बरोबर सांगतात, पण पुढचं ऐक. २४ जुलैच्या बजेटमध्ये मनमोहन सिंगांनी खतांच्या किमती ४० टक्के वाढवल्या. संसदेत गदारोळ झाला, खुद्द काँग्रेसचे खासदार उठले, आणि दोन आठवड्यांच्या आत ती वाढ ३० टक्क्यांवर आली, छोट्या शेतकऱ्यांना त्यातून वगळलं. आयएमएफचं कर्ज म्हणून थांबलं नाही. म्हणजे त्यांना आकड्याशी मतलब असतो, तूट कशी कमी करायची, भार कुणाच्या डोक्यावर टाकायचा, ते बऱ्याच प्रमाणात दिल्लीत ठरतं. पुढच्या वर्षी ऑगस्ट ९२ मध्ये पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फेट) खतांवरचं नियंत्रण उठवलं आणि युरियावरचं ठेवलं. डीएपी, पोटॅशचे भाव भडकले, शेतकरी स्वस्त युरियावर गेला, आणि जमिनीत नत्राचा तो अतिरेक आजही चालू आहे. त्याचं खापर फक्त वॉशिंग्टनमधल्या आयएमएफवर फोडू नये, अर्धवट निर्णय आपला होता.

मतांचं विचारशील तर आयएमएफमध्ये अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं आहेत आणि मोठ्या निर्णयाला ८५ टक्के लागतात, म्हणजे ती एकटी अडवू शकते. आपल्याकडे २.६३ टक्के. वर्ल्ड बँकेचा अध्यक्ष प्रथेनं अमेरिकन असतो, आत्ताचे अजय बंगा जन्मानं पुण्याच्या खडकीचे असले तरी तिथं गेलेत ते अमेरिकेचे उमेदवार म्हणून. हे मला आजही पटत नाही, जगातली एवढी लोकसंख्या आणि मत एवढंसं. पण आपण आयएमएफची उधारी २००० पर्यंत फेडली, नंतर तिला पैसे पुरवणाऱ्या देशांत बसलो, २००९ ला तिच्याकडून २०० टन सोनं विकत घेतलं, हेही उत्तरात लिही.

पंचगंगा_खोरं:
डब्ल्यूटीओचं मी सांगतो कारण आमच्यात उसावर पोट आहे. २०१९ ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला हे तिघं भारताविरुद्ध गेले, म्हणणं काय तर तुम्ही उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान भाव, ठरवता आणि साखर निर्यातीला अनुदान देता त्यामुळं जगात भाव पडतो. आपलं म्हणणं होतं की एफआरपी कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून एक रुपया जात नाही, मग ही सबसिडी कशी? डब्ल्यूटीओच्या तंटे सोडवणाऱ्या पॅनेलनं डिसेंबर २०२१ ला ते मानलं नाही, म्हणाले भाव सरकारनं ठरवला म्हणजे आधार सरकारचाच, आणि तो उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के ह्या मर्यादेच्या वर गेलाय. आता बघा की, एफआरपी नसेल तर उसाचं काय होतं ते इथल्या कुठल्याही सभासदाला विचारा, ऊस तोडला की दिवसाला वजन घटतं, तो घेऊन शेतकरी कुठं दुसऱ्या बाजारात जाणार, कारखाना देईल तो भाव घ्यायचा. हे डब्ल्यूटीओच्या जिनिव्हातल्या ऑफिसात बसलेल्याला कागदावरून कसं दिसणार.

मग आपण जानेवारी २०२२ ला अपील केलं. आणि अपील ऐकायला तिथं कोणीच नाही, कारण अमेरिकेनं नवीन सदस्य नेमू दिले नाहीत म्हणून डिसेंबर २०१९ पासून ते अपील मंडळ बंदच पडलंय. त्यामुळं निकाल लटकलेला आणि एफआरपी चालू. आज हे आपल्या फायद्याचं वाटतंय, पण उद्या आपल्याला कुणाविरुद्ध जायचं असेल तर तो पण असाच अपिलात जाऊन बसेल, तेव्हा काय करणार? म्हणून मी म्हणतो संस्था नको असं नाही, नियम नसले तर मोठा देश धाकट्याला सरळ चेपतो, पण नियमातच खोट आहे. शेतीमालाच्या आधाराचा हिशोब अजून १९८६-८८ च्या किमती धरून होतो, ह्याला काय अर्थ आहे. डिझेल आणि मजुरी तेव्हाच्या भावात मिळते का?

सातपुडा_नर्मदा:
नाही म्हणता येतं का, ह्याचं उत्तर मणिबेलीत आहे. अक्कलकुवा तालुक्यातलं आमचं आदिवासी गाव, सरदार सरोवराच्या पाण्यात सगळ्यात आधी गेलेल्या गावांपैकी. वर्ल्ड बँकेनं १९८५ ला ४५ कोटी डॉलर मंजूर केले तेव्हा इथं कुणाला विचारलं? किती घरं उठणार, त्यांना जमीन कुठली, ह्याचा धड हिशोब नव्हता. महाराष्ट्रातली ३३ गावं. आमच्या माणसांकडे सातबारा नाही, वनजमीन पिढ्यान्पिढ्या कसलेली, म्हणजे कागदावर ते विस्थापितच नाहीत!

लोक लढले, मेधाताई पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाचं नाव जगभर झालं, मग बँकेनं ब्रॅडफोर्ड मोर्स ह्यांची स्वतंत्र समिती नेमली. १९९२ च्या जूनमध्ये समितीनं स्पष्ट लिहिलं की पुनर्वसन ह्या परिस्थितीत नीट होऊ शकत नाही, बँकेनं एक पाऊल मागं घ्यावं. बँकेनं सहा महिन्यांत सुधारा म्हणून अटी घातल्या, आणि मार्च ९३ च्या शेवटी भारत सरकारनंच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. म्हणजे सरकारनं नाही म्हटलं, पण ते कुणाला? लोकांना आधी जमीन द्या असं सांगणाऱ्या अटीला. बँक गेली, धरण झालं. भिंत वाढत गेली आणि २०१७ ला १३८.६८ मीटरच्या धरणाचं लोकार्पण झालं.

तरी त्या लढ्यातून एक गोष्ट निघाली. १९९३ ला बँकेला इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन करावं लागलं, तिच्या प्रकल्पानं नुकसान झालेला माणूस आपल्या सरकारला वळसा घालून थेट तक्रार करू शकतो. वॉशिंग्टनच्या एवढ्या मोठ्या संस्थेचा नियम सातपुड्यातल्या माणसांनी बदलायला लावला. पुस्तकात हे नाही ना? असायला पाहिजे.

तेरणाखोरं:
एक दुसरी बाजू पण लिहून ठेवा. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. त्यानंतरच्या पुनर्वसनाला वर्ल्ड बँकेचंच कर्ज होतं. ५२ गावं नवीन जागी बसवली, आणि बाकी शेकडो गावांत लोकांनी स्वतः देखरेख करून आपापली घरं दुरुस्त केली, पैसे हप्त्यानं हातात. ती दुरुस्तीची पद्धत आमच्याकडं लोकांना जास्त मानवली. नवीन गावांत रस्ते रुंद, प्लॉट सरळ रांगेत, पण वाडा नाही, गल्ली नाही, शेत लांब पडलं, म्हातारी माणसं वर्षानुवर्षं कुरकुरत राहिली. तरी तेव्हा एवढा पैसा राज्याकडं नव्हता हे पण खरं.

कयाधूकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं खताचं वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले पोटॅशच्या भावाचं एकदम बरोबर. सातपुडा ताई/दादा, ते इन्स्पेक्शन पॅनेल आज पण आहे का? आणि पोकरासारख्या शेतीच्या प्रकल्पाला पण चालतं का फक्त धरणालाच?

कुर्ला_पूर्व:
आहे, आणि मुंबईत वापरलंय. एमयूटीपी म्हणजे मुंबईच्या वाहतूक प्रकल्पात लोकल आणि रस्त्यांच्या कामासाठी लाखभर लोकांना हलवायचं होतं, बँकेचं कर्ज. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडच्या पट्ट्यातले दुकानदार आणि रहिवासी २००४ ला पॅनेलकडे गेले. दुकानदारांचं दुखणं हे की चालत्या रस्त्यावरच्या मोठ्या गाळ्याच्या बदल्यात लांब कुठेतरी छोटासा गाळा, गिऱ्हाईकच नाही तर धंदा काय करायचा, आणि घरवाल्यांना सातव्या मजल्यावर लिफ्टचा मेंटेनन्स कसा परवडणार. पॅनेलनं तपास केला, चुका निघाल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने रोखले. पैसे थांबल्यावर मग मीटिंगा भराभर लागायला लागल्या, पर्यायी जागा दाखवायला लागले. सगळ्यांना न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही, बरेच जण कंटाळून मिळेल ते घेऊन गेले.

तुझ्या प्रश्नाचं, शेतीच्या प्रकल्पाला पण चालतं, बँकेचा पैसा असला की झालं. तक्रार एकट्याची चालत नाही, निदान दोघं बाधित पाहिजेत, आणि मराठीत लिहिली तरी घेतात. आधी बँकेकडे, म्हणजे तिच्या दिल्ली ऑफिसकडे, तक्रार केली होती हे दाखवावं लागतं, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक अर्जावर पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख, आणि झेरॉक्स घरी ठेवायची. कर्ज बंद झाल्यानंतर १५ महिन्यांपर्यंतच मुदत असते. आणि नुसतं अनुदान उशिरा आलं एवढ्यावर पॅनेल हात घालत नाही, बँकेनं स्वतःचा कुठला नियम मोडला आणि त्यानं तुमचं काय नुकसान झालं ते सांगावं लागतं, साध्या तक्रारीसाठी बँकेचा वेगळा तक्रार निवारण विभाग आहे, तिथं ईमेल करता येतो.