आईच्या इरकली लुगड्यांच्या वाकळा: कापायचं कसं?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)
आईची तीन नऊवारी इरकली लुगडी आणि खणाच्या चार चोळ्या आहेत. आम्ही तिघी बहिणी. प्रत्येकीच्या वाकळेत तिन्ही लुगडी यावीत अशी इच्छा आहे. वर्षश्राद्धाच्या आत व्हायला हवं. पदर आत घालावा का? आणि धुतल्यावर आईचा वास जाईल, त्याचं काय करायचं?

उत्तर १ (खानापूर)
ताई, पदर घालू नका. इरकलीचं अंग सुती, पदर रेशमी, त्याला टोप पदर म्हणतात. दोन्हींचे ताणे (उभे धागे) कोंडी घालून एकमेकांत अडकवलेले असतात. सूत आणि रेशीम सारखं आटत नाही, त्यामुळं कापड त्या जोडावरच आधी फाटतं. जोडापासून चार बोटं अंगाकडं सोडून कापा.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. पदर वजा जाता सात धरा. 1.2 मीटरचे पाच तुकडे एका लुगड्यात बसतात, तिन्हींचे मिळून 15. म्हणजे पाच थरांच्या तीन वाकळा, मांडीवर घेण्याजोग्या.

कापण्याआधी धुवा, नंतर नाही. त्याही आधी ओलं पांढरं फडकं काठावर मिनिटभर दाबून बघा. लाल उतरला तर ते लुगडं वरच्या थराला नको. मिठानं रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर विसंबू नका. रिठ्याच्या गार पाण्यात एकेक वेगळं धुवायचं, सावलीत वाळवायचं.

उत्तर २ (हल्याळ)
ओचा खोचायची जागा उजेडाला धरून बघा, तिथं कापड जाळीसारखं विरलेलं असतं. वर लावलं तर पहिल्या धुण्यात जाईल. पण टाकूनही देऊ नका, मधल्या थरात घाला. चारी बाजूंनी टाके बसले की टिकतं.

आधी मधून बाहेर कच्चे टाके घाला, म्हणजे सुरकुत्या कडेला निघतात. मग पक्का धावदोरा कडेपासून आत, चौकोनी फेऱ्यांनी, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टर चिवट, तो जुनं कापड कापत जातो. ओढून शिवलं की मध्ये फुगा येतो आणि तो नंतर बसत नाही.

चोळीचा बगलेतला भाग घामानं कुजलेला असतो, तो सोडा. पाठीच्या तुकड्यातून चार कोपऱ्यांना त्रिकोणी फुलं निघतील. आमच्याकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कौदीला, म्हणजे वाकळेला, कोपऱ्यांत फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली मानत नाहीत.

उत्तर ३ (निपाणी)
वासाचं राहिलं. एक चोळी धुऊच नका. धुतलेल्या मलमलमध्ये सैल गुंडाळून डब्यात ठेवा. प्लास्टिकमध्ये दमट होऊन बुरशी धरते. न धुतलेल्या कापडाला कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लवकर लागते, म्हणून महिन्याला उघडून बघा आणि बाकीच्या कपड्यांपासून लांब ठेवा. डांबरगोळ्या घातल्यात तर वास त्यांचाच उरेल. तरी वास हळूहळू विरतोच, हे मनाशी धरून ठेवा.

पदर घडी घालून ठेवू नका, रेशीम घडीवरच चिरतं. सुती कापडावर हलक्या टाक्यांनी बसवून नळीवर गुंडाळा. डिंक, फेव्हिकॉल अजिबात नको, डाग पडतो आणि कापड कडक होतं.

आणखी एक, पावसात शिवायला बसू नका. पाच थरांत ओल राहिली तर आतून काळे ठिपके येतात, ते निघत नाहीत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की हात घाला. वर्षश्राद्ध त्याआधी असेल तर निदान एकच वाकळ कोरड्या खोलीत पुरी करा, उरलेल्या दोन नंतर.