भारद्वाजाने की भारद्वाजने?

‘भारद्वाज’ हे नाव आधी पक्ष्याचं की माणसाचं, असा प्रश्न आहे. मूळ शब्द भरद्वाज: भरत् + वाज, म्हणजे बळ किंवा अन्न धारण करणारा. त्याचा वंशज तो भारद्वाज. महाभारतात द्रोणाचार्यांना याच नावाने संबोधलं आहे. गोत्र आणि आडनाव या वाटेने आलं. पण पक्षीही जुनाच आहे. अमरकोशात ‘व्याघ्राटः स्याद्भरद्वाजः’ असं सरळ म्हटलंय. (त्याच कोशात द्रोणकाकही आहे, म्हणजे भरद्वाज आणि द्रोण या बाप-लेकांची, दोघांचीही नावं पक्ष्यांना!)

मात्र संस्कृत कोशांत भरद्वाजाचा अर्थ चंडोल असा मिळतो. चंडोल गात गात आभाळात चढतो. मराठीतला भारद्वाज म्हणजे कुक्कुडकुंभा: काळं अंग, विटकरी पंख, लालभडक डोळे. तो झुडपांतून चालत किडे-सरडे टिपतो आणि ‘कूप कूप’ असा खोल घुमतो. त्यामुळे संस्कृत श्लोकातल्या भरद्वाजाचं भाषांतर करताना डोळे मिटून कुक्कुडकुंभा लिहू नये.

मला या शब्दाचं खरं अप्रूप वाटतं ते विभक्ती लागते तेव्हा. ‘भारद्वाजाने घरटं बांधलं’ आणि ‘भारद्वाजने फोन केला’. पक्षी असला की सामान्यरूप होतं, माणूस असला की आजच्या बोलण्यात प्रत्यय नावाला थेट चिकटतो. सारिकेचंही तसंच. ‘सारिकेने चोच उघडली’ म्हटलं की मैना दिसते, ‘सारिकाने दार उघडलं’ म्हटलं की शेजारची मुलगी. मैनेने आणि मैनाने, गरुडाला आणि गरुडला, सगळीकडे हाच फरक. एका काना-मात्रेवर केवढं काम भागतं!

हा नियम मात्र पक्का नाही. रामाला, सीतेला आपण आजही म्हणतोच, आणि जुन्या पिढीच्या तोंडी मुलीलाही ‘सारिकेला’ येतं. ते चूक तर नाहीच, माझ्या कानाला जास्त गोड लागतं.

अडचण येते ती आदरार्थी बहुवचनात. ‘भारद्वाजांनी घर बांधलं’ यात सद्गृहस्थ आहेत, ‘भारद्वाजांनी घरटं बांधलं’ यात नर-मादीची जोडी. इथे प्रत्यय काहीच सांगत नाही, उलगडा होतो तो ‘घर’ की ‘घरटं’ यावरून.