मदत हवी आहे: बाहेरच्या लाकडी बॉयलरच्या दाराखाली काळं पाणी. गळती की घाम?

म्हादईकाठ:
गोव्यात सत्तरीतल्या होमस्टेसाठी न्हाणीतली भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) काढून पडवीमागे लाकडावर चालणारा बॉयलर बसवला आहे. आतली भट्टी ५ मिमी एमएस (साध्या पोलादी) प्लेटची, तिच्याभोवती २०० लिटर पाण्याचं जॅकेट, वरून ग्लासवूल. धुरांडं ६ इंची, ३ मीटर उंच. वरच्या टाकीतलं विहिरीचं पाणी थेट जॅकेटमध्ये येतं आणि तेच तापून पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाईनने तीन बाथरूमना जातं. जळण अकेशिया, सोबत चुडतं (माडाच्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाची सालं).

सकाळी पेटवलं की दाराच्या खालच्या ओठावरून काळं, चिकट पाणी ठिबकतं. दार डांबराने चिकटून बसतं. पहिली बादली तांबूस येते. पाणी तापायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो. फॅब्रिकेटरचं म्हणणं, तळाचा वेल्ड गेला, प्लेट कापून पॅच मारू. मारावा का?

लोखंडी:
आधी कापू नका. तीन गोष्टी सांगा: लाकूड कधी तोडलेलं, रात्री दमपट्टी (आगीची हवा कमी-जास्त करणारी झडप) बंद करता का, आणि विहिरीच्या पाण्याचा पीएच किती.

म्हादईकाठ:
मार्चमध्ये तोडलं, ओंडके तसेच ठेवलेत, चारी बाजूंनी ताडपत्री. रात्री दमपट्टी पूर्ण बंद, म्हणजे सकाळी निखारा मिळतो. पीएच ५.६, कठीणपणा लिटरला २० मिग्रॅ.

लोखंडी:
मग घाम असण्याचीच शक्यता जास्त. ओल्या लाकडाची वाफ आणि अर्धवट जळालेला धूर थंड प्लेटला लागला की तिथेच पाणी होऊन उतरतो, त्यात डांबर मिसळतं. जॅकेट ६० अंशांच्या वर गेलं की हे थांबतं. तुमच्याकडे प्रत्येक बादलीमागे २६-२७ अंशांचं पाणी थेट जॅकेटच्या तळाशी शिरतं, त्यामुळे खालची प्लेट कधी तापतच नाही.

पण अंदाजावर सोडू नका, पातळी तपासा. आग विझवा, राख काढा, बॉयलर दिवसभर थंड होऊ द्या. आवक आणि गरम लाईन दोन्हींचे व्हॉल्व्ह बंद करा. आवक उघडी राहिली तर टाकी गळती भरून काढत राहील आणि काहीच कळणार नाही. ड्रेन कॉकला (तळाच्या निचऱ्याच्या तोटीला) १२ मिमी पारदर्शक नळी लावून व्हेंट पाईपइतकी (जॅकेटवरच्या उघड्या नळीइतकी) उंच उभी बांधा, पातळीवर खूण करा. व्हेंट २५ मिमीचा असेल तर दोन्ही मिळून साधारण ६ चौ. सेंमी क्षेत्रफळ होतं, म्हणजे १०० मिली पाणी गेलं तरी पातळी १६-१७ सेंमी उतरते. इतकी नाजूक चाचणी आहे, म्हणून तापमानही तितकंच सांभाळा: २०० लिटर पाणी १ अंश थंड झालं की ५० मिलीच्या आसपास आक्रसतं, नळीत ८-९ सेंमी फरक दिसतो. संध्याकाळची खूण आणि सकाळची खूण ताडली तर नसलेली गळती सापडेल. लागोपाठ दोन सकाळी, एकाच वेळी, जॅकेटचं तापमान नोंदवून बघा.

न्हाणी:
लिटमस पट्टी लावली तर? धुराचं पाणी आंबट असतं ना?

लोखंडी:
असतं, त्यात व्हिनेगरचं आम्ल असतं. पण राखेवरून वाहून आलेलं पाणी अल्कलाईन होतं, त्यामुळे ओठावरचा थेंब फसवतो. पट्टी लावायचीच तर भिंतीवरच्या थेंबाला, राखेच्या वर.

हवेच्या पंपाने दाब देऊन बघू, असं कोणी म्हणालं तर नको. व्हेंट उघडं धरून बनवलेल्या सपाट प्लेटा दाबाने फुगतात. आणि व्हेंटवर कधीही व्हॉल्व्ह नको. २०० लिटर २५ वरून ८० अंशांना गेलं की ५ लिटर वाढतं, त्याला वाट हवी.

कुळागर:
लाकडाबद्दल. चारी बाजूंनी ताडपत्री म्हणजे लाकूड वाफवायला ठेवलं. वरून पत्रा, बाजू उघड्या, खाली चिऱ्यांवर जमिनीपासून अर्धा फूट उचलून. ओंडका सालीसकट महिनोन्महिने ओला राहतो, तोडल्याबरोबर चिरायला हवा, मनगटाएवढ्या जाडीचा. डिसेंबरात चिरलेलं मे अखेरीस तयार होतं. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की छपराखालचं चांगलं वाळलेलंही १८-२० टक्क्यांवर येऊन थांबतं, जुलैत वाळवू म्हणून काही होत नाही.

हिशोब सांगतो. २०० लिटर २५ वरून ६५ अंशांवर न्यायला ३३ मेगाज्यूलच्या थोडं वर लागतात. वाळलेल्या किलोत १५ च्या आसपास असतात, निम्मी उष्णता धुरांड्यातून गेली धरली तरी साडेचार किलोत काम होतं. अर्धं पाणी असलेल्या ओल्या लाकडात किलोला जेमतेम ८. दुप्पट जळण आणि वर डांबर.

काजूची टरफलं भट्टीत टाकत असाल तर थांबवा. त्यांच्या तेलाचा थर वायरब्रशने निघत नाही.

रासायनिक:
सगळे धुराकडे बघताहेत, तांबूस बादलीकडे कोणी बघत नाही. घाम धुराच्या बाजूने प्लेट खातो, पण लाल रंग आतून येतोय. घाटावरच्या बंबात क्षार साठतो, तोच पत्र्याला थोडं सांभाळतो. आपलं जांभ्या दगडातलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी, थर धरतच नाही, शिवाय रोज नवं पाणी म्हणजे रोज नवा ऑक्सिजन. जीआयवरही भिस्त नको, ६० अंशांच्या वर काही पाण्यांत जस्त लोखंडाला वाचवण्याऐवजी उलट वागतं.

थंड देशांत घर तापवणाऱ्या बाहेरच्या लाकडी भट्ट्या टिकतात, कारण जॅकेटचं पाणी एकदाच भरलेलं असतं आणि नळाचं पाणी वेगळ्या वेटोळ्यातून तापतं. तुम्हीही तेच करा. १५ मिमी नळीचं १२ मीटरचं वेटोळं मिनिटाला ८ लिटर पाणी आंघोळीपुरतं तापवतं, जॅकेट ७५ अंशांवर असेल तर. वरच्या टाकीचा दाब कमी, म्हणून दोन शॉवर एकदम चालायचे असतील तर दोन वेटोळी समांतर. तांबं नको: ५.६ पीएचला ते विरघळतं, फरशीवर हिरवे डाग पडतात आणि पुढच्या जीआयला भोकं पडतात. एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) घ्या.

जॅकेटला १५ लिटरची छोटी टाकी फ्लोटसकट. जॅकेटच्या पाण्यात गंज रोखायला धुण्याचा सोडा, २० ग्रॅमपासून सुरू करून पट्टीवर ९ ते १० येईपर्यंत. नायट्रायटची पावडर कोणी सुचवेल. ती विषारी आहे, वेटोळं फुटलं तर आंघोळीच्या पाण्यात येईल.

न्हाणी:
लाईन सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप) चालेल?

रासायनिक:
चालेल, पण बॉयलरपासून पहिला मीटर धातूचा आणि तिथेच थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह, ४५ अंशांवर. नळ बंद असताना वेटोळ्यातलं पाणी जॅकेटइतकंच तापतं, पहिला फवारा भाजतो.

म्हादईकाठ:
दोन सकाळी पातळी पाहिली. तापमान दोन्हीवेळा २७, खूण जागच्या जागी. दाराच्या फटीतली सीलची दोरी मात्र पूर्ण कडक झालीय. जून ते सप्टेंबर पाहुणे नसतात, तेव्हा काय करायचं?

लोखंडी:
म्हणजे पॅच वाचला. सिरॅमिक दोरी नवी घाला, जुना डिंक छिन्नीने खरवडून. कागद दारात धरून बंद करा, चारी बाजूंना ओढून पाहा, सहज निघाला तर बिजागरीत वॉशर घाला. रात्री दमपट्टी बंद करून आग कोंडू नका. सकाळ-संध्याकाळ छोटी, मोकळी आग. धुरांड्याच्या पाईपवर थर्मामीटर लावा, १२० च्या खाली सतत राहिला तर डांबर जमतंय समजा.

पावसाळ्यासाठी: राख पूर्ण काढा, कोपऱ्यांतलीसुद्धा. ती हवेतला ओलावा ओढते आणि तळ खाते, हंगामात भट्टी जळते त्याहून जास्त नुकसान बंद काळात होतं. भिंती खरवडून जळक्या इंजिन ऑईलचा नव्हे, स्वच्छ तेलाचा पातळ हात. धुरांड्यावर टोपी. जॅकेट भरलेलंच ठेवा, अर्धं रिकामं नको. आणि पहिल्या दिवशी पेटवण्याआधी पाणी बघा. कोरडं तापलेलं जॅकेट दिसलं तर पाणी ओतायचं नाही, आग काढून थंड होऊ द्यायचं.

म्हादईकाठ:
सोडणं पूर्ण बंद?

कुळागर:
पेटवायला दोन-चार चालतील. रोजचं जळण म्हणून नको, त्यांच्या राखेचे खडे होतात आणि जाळी तुंबते. ती माडाच्या आळ्यात घाला.