ट्रॅकच्या गाडीला स्ट्रट टॉवर रीइन्फोर्समेंट: गरज की खूळ?

लेटब्रेकर: कॅम्बर प्लेट (चाकाचा कल बदलू देणारं माउंट) बसवायला पुढचं टॉप माउंट, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक धरणारा भाग, काढलं, तर स्ट्रट टॉवरचा, म्हणजे ते माउंट जिथे बसतं त्या पत्र्याच्या उंचवट्याचा, माथा वर फुगलेला. त्यावर पट्टी धरली की खालून उजेड दिसतो. तीन सीझन ट्रॅकच्या कडेचे उंच कर्ब तुडवलेत, तक्रार करायला तोंड नाही. पण आता ठाम मत झालंय: मॅकफर्सन स्ट्रटची (स्प्रिंग आणि डॅम्पर, म्हणजे शॉक ॲबसॉर्बर, एकाच खांबात असलेली) गाडी ट्रॅकवर न्यायची तर पहिल्या दिवसापासून रीइन्फोर्समेंट प्लेट हवीच. माउंट आणि पत्रा यांच्यामध्ये स्टीलची प्लेट, एवढंच तर काम.

दुसरा_गिअर: त्यापेक्षा स्ट्रट बार लावा की.

लेटब्रेकर: बार डाव्या-उजव्या टॉवरला एकमेकांशी बांधतो. इथे मार खालून वर बसतो, तो बार कसा अडवणार?

वेल्डरकाका: बारचं बरोबर, प्लेटचं अर्धवट. बीएमडब्ल्यू ई३६, ई४६चे टॉवर फुगतात हे जुनंच दुखणं आहे, तिथे प्लेट लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण ‘प्रत्येक गाडी’ कशाला? टॉवर फुगतो तो बहुतेकदा डॅम्पर तळाला आपटतो म्हणून. गाडी खाली बसवली की बंप ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर सरकायची जागा, संपतो. वर रबरी माउंट काढून कॅम्बर प्लेटचं धातूचं बेअरिंग घातलं की प्रत्येक दणका थेट पत्र्यात. प्लेट तो भार पसरवते, कमी नाही करत. मग तुटायचा पुढचा नंबर टॉवरच्या स्पॉट वेल्डचा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठिपक्यांचा. आणि टॉवर ओतीव ॲल्युमिनियमचा असेल तर तो फुगून इशारा देत नाही, तडकतो. तो भाग प्लेटनं झाकलात तर तडा दिसणारही नाही.

लेटब्रेकर: म्हणून काय दणके खात बसायचं? स्प्रिंग कडक केली तरी कर्ब मऊ होत नाही, काका.

वेल्डरकाका: बंप स्टॉप, डॅम्पर तळाला आपटू नये म्हणून असतात ते रबरी ठोकळे, शाबूत आहेत ना?

लेटब्रेकर: ...कापलेत. गाडी अजून खाली बसावी म्हणून. मीच.

दुसरा_गिअर: 😄

वेल्डरकाका: बघा! आधी नवे स्टॉप घाला, राइड हाइट थोडी वाढवा. प्लेट लावायचीच तर माथा ठोकून सपाट करून मगच. फुगीर पत्र्यावर ती टेकणारच नाही, नुसती बोल्टपाशी ताणली जाईल. आणि प्लेटच्या जाडीएवढे माउंटचे स्टड (वर निघालेले बोल्ट) आखूड पडतात. नटात आटे पुरेसे बसतात का बघा.

लेटब्रेकर: स्टॉप मागवतो. प्लेट मात्र लावणारच.