सध्याच्या काळातला सर्वश्रेष्ठ हेवीवेट मुष्टियोद्धा कोण, उसिक की फ्युरी?

कोथरूडकर
नमस्कार. जुलै २०२५ मध्ये ऑलेक्झांडर उसिकने वेम्बलीवर डॅनियल डुबॉइसला पाचव्या फेरीत नॉकआउट केले आणि हेवीवेट गटाची चारही प्रमुख विजेतेपदे दुसऱ्यांदा एकत्र आणली, तेव्हापासून आमच्या घरी वाद सुरू आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये डिओंटे वाइल्डरला सातव्या फेरीत थांबवणारा टायसन फ्युरी या काळातल्या कोणालाही भारी पडला असता आणि उसिकच्या वाट्याला उतरणीला लागलेला फ्युरी आला, असे माझ्या थोरल्या बंधूंचे ठाम मत आहे. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. श्रेष्ठत्व ठरवताना खेळाडूचा बहराचा काळ धरावा की त्याने प्रत्यक्षात कोणाला हरवले ते पाहावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नारायणपेठी
माझ्या मते कोणाला हरवले हेच पाहावे, कारण बहरातला फ्युरी आणि आजचा उसिक यांची लढत फक्त कल्पनेतच होऊ शकते. उसिकने अँथनी जोशुआ, फ्युरी आणि डुबॉइस या तिघांनाही प्रत्येकी दोनदा हरवले आहे, आणि त्याआधी २०१८ मध्ये क्रूझरवेट या हेवीवेटच्या खालच्या वजनगटातही चारही विजेतेपदे मिळवली होती. हेवीवेट गटाला वजनाची वरची मर्यादाच नसते, हेही ध्यानात घ्यावे. डिसेंबर २०२४ च्या रियाधमधील दुसऱ्या लढतीत फ्युरीचे वजन सुमारे १२७ किलो आणि उसिकचे सुमारे १०२ किलो होते, तरीही तिन्ही गुणपंचांनी ११६-११२ असा एकसारखा कौल उसिकला दिला.

औंधवासी
दुसऱ्या लढतीबद्दल दुमत नाही, परंतु पहिल्या लढतीचा हिशेब पाहावा. मे २०२४ मध्ये दोन गुणपंचांनी उसिकला ११५-११२ आणि ११४-११३ असे गुण दिले, तर तिसऱ्याने फ्युरीला ११४-११३ असे पुढे ठेवले. नवव्या फेरीत फ्युरीवर मोजणी (खेळाडू पडल्यावर रेफ्रींनी आकडे मोजणे) झाली नसती आणि त्यापायी गेलेला एक गुण त्याच्या खात्यात राहिला असता, तर एक कौल उसिकचा, एक फ्युरीचा आणि एक समसमान, म्हणजेच लढत बरोबरीत सुटली असती. शिवाय नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला, अकरा वर्षांहून अधिक काळ न हरलेल्या युक्रेनच्या जगज्जेत्या व्लादिमिर क्लिचकोला त्याच्या जर्मनीतल्या चाहत्यांसमोर हरवणारा फ्युरीच होता. त्या विजयाचे मोल आपण फार लवकर विसरलो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बालेवाडीचा_विद्यार्थी
औंधवासी यांचे गणित बरोबर आहे, पण फ्युरीचा तो गुण उगाच गेलेला नाही. मी स्वतः सराव करतो आणि ती नववी फेरी संथ गतीने अनेकदा पाहिली आहे. उसिक डावखुरा असल्यामुळे त्याचा उजवा पाय पुढे असतो, आणि तो हा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला टाकत राहतो; तसे झाले की त्याच्या डाव्या हाताला सरळ वाट मिळते. मधल्या फेऱ्यांत फ्युरीने अपरकट (खालून वर हनुवटीकडे मारलेले ठोसे) आणि पोटावरचे ठोसे मारून त्याला रोखले होते, हे मान्य केलेच पाहिजे. नवव्या फेरीत मात्र डाव्या हाताचा ठोसा बसला आणि फ्युरी झोकांड्या खात एका दोरावरून दुसऱ्या दोरावर गेला. दोरांमुळेच खेळाडू उभा राहिला असेल, तर तो पडल्याचेच धरले जाते, त्यामुळे रेफ्रींनी केलेली मोजणी नियमाला धरूनच होती.

डावखुऱ्या प्रतिस्पर्ध्याचे कोडे सोडवणे किती अवघड असते, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये आपणही पाहिले आहे. आपल्या सतीश कुमारने चेहऱ्यावर टाके असताना उझबेकिस्तानच्या डावखुऱ्या बखोदिर जलोलोवशी झुंज दिली, पण त्याला एकही फेरी घेता आली नाही.

कोथरूडकर
मनःपूर्वक आभार. बंधू आता विचारत आहेत की जोशुआचे स्थान कुठे?

नारायणपेठी
तिसरे. एप्रिल २०१७ मध्ये सहाव्या फेरीत स्वतः पडूनही त्याने अकराव्या फेरीत क्लिचकोला थांबवले, ती लढत या काळातल्या सर्वोत्तम लढतींपैकी एक आहे. परंतु २०१९ मध्ये अँडी रुईझकडून आणि २०२४ मध्ये डुबॉइसकडून तो नॉकआउट झाला, आणि डुबॉइसला उसिकने दोन्ही वेळा मुदतीआधीच संपवले.