एटीव्हीच्या पेट्रोल मीटरवर किती भरवसा ठेवायचा?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे):
मुरबाडजवळच्या शेतावर आम्ही एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर, चिखलात चालणारी छोटी चारचाकी) वापरतो. रविवारी निघताना मीटरवर तीन दांड्या होत्या. चढावर एकच उरली, खाली उतरलो तर पुन्हा तीन! पुढे चिखलात गाडी बंद पडली. मागे खताची गोणी, सोबत वडील. त्यांना पाऊण तास चिखलातून चालावं लागलं, ते मनाला फार लागलं.

उत्तर (कळवा):
टाकीत फ्लोट असतो, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा; त्याच्या उंचीवरून मीटर दांड्या दाखवतो. गाडी कलली की पेट्रोल एका अंगाला जातं आणि फ्लोट फसतो. सपाटीवर गाडी दोन मिनिटं उभी करून मगच मीटर बघा. टाकी वेडीवाकडी असते, खाली निमुळती असेल तर शेवटच्या दांड्या भराभर उतरतात.

उत्तर (नेरूळ):
किलोमीटर सोडा, तास मोजा. चिखलात चाकं जागीच फिरतात, पेट्रोल जळतं, अंतर काही कापलं जात नाही. टाकी फुल करा, काम करा, पुन्हा फुल करा. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल बसलं, तेवढाच खर्च खरा.

प्रश्नकर्ता:
आज करून पाहिलं. दीड तासाला तीन लिटर! वहीत लिहून ठेवलंय. बाबांना दाखवलं, पुढच्या रविवारी यायला तयार आहेत.