मदत हवी आहे : हॉस्पिटलचा फोन नंबर लपवून येतो, काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. बाबांवर इथल्या एका हॉस्पिटलात हृदयाचे उपचार चालू आहेत आणि तिथून येणारा प्रत्येक फोन नंबर लपवून येतो. भामट्यांच्या फोनांना कंटाळून बाबांनी लँडलाइनवर निनावी कॉल रोखायची सोय घेतली आहे. त्यामुळे मागच्या आठवड्यात तारीख बदलल्याचा फोन त्यांना लागलाच नाही. थंडीत त्यांना घेऊन गेलो, तेव्हा काउंटरवर कळलं. फार वाईट वाटलं. शेवटचा फोन कुठून आला ते सांगणारा इथला १४७१ हा नंबर फिरवूनही लपवलेला नंबर कळत नाही.

नंबर लपवण्यामागची कारणं समजतात. घरातल्या दुसऱ्या कुणाला रुग्णाची गोष्ट कळू नये. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी तर हे फार मोलाचं. शिवाय उलट आलेला फोन इतक्या एक्स्टेंशनांपैकी नेमका कुठे जोडायचा, हाही प्रश्न. पण प्रत्येक एक्स्टेंशनऐवजी स्विचबोर्डचा एकच मुख्य नंबर दाखवता येतो की! जाहिरातीचे फोन करणाऱ्यांना तर इथे २०१६ पासून नंबर दाखवणं बंधनकारक आहे.

कुणी रुग्णाच्या नोंदीत ‘आधी एसएमएस करा’ किंवा ‘मुलीच्या मोबाइलवर फोन करा’ असं लिहून घेतलं आहे का? त्यासाठी वॉर्डात बोलायचं की डॉक्टरांच्या सेक्रेटरीशी? निनावी कॉल रोखणं बंद करायला बाबा तयार नाहीत.